नरक्या तोडणारा सापडतो, विकत घेणारा नाही

कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा भागातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी अधूनमधून येते आणि तिचा साचा ठरलेला असतो. रात्री टेम्पो अडवला, आत नरक्या या औषधी झाडाच्या लाकडाची पोती सापडली, चालक आणि दोन-तीन मजूर ताब्यात, माल जप्त, पुढील तपास सुरू. या पुढच्या तपासाची बातमी मात्र सहसा वाचायला मिळत नाही. पोती कुठे निघाली होती, कोणत्या कारखान्याच्या फाटकातून आत जाणार होती, तिथे त्यांची नोंद कशी झाली असती, याबद्दल कुणी बोलत नाही. लाकूड काही टेम्पोवाला स्वतःच्या घरी नेऊन उकळत नसतो. ते विकत घेणारा कुणीतरी आहे, त्याच्याकडे परवाना आहे, बहुधा जीएसटी क्रमांकही आहे, आणि या सगळ्या प्रकरणात तोच तेवढा अदृश्य आहे.

औषधी झाडांबद्दल आपल्याकडे उदंड बोललं जातं. कोणत्या सालीत काय गुण, कोणत्या पानाचा रस कशावर, कुठल्या विद्यापीठात कोणता घटक सापडला. या बोलण्यात झाड हा फक्त गुणांचा साठा असतो. ते कुणाच्या रानात उभं आहे, तोडल्यावर परत किती वर्षांनी येणार, आणि त्या गुणांचे पैसे कुणाच्या खिशात जातात, हे विषय ‘वेगळे’ समजले जातात. ते वेगळे नाहीत. औषधी गुण सिद्ध होणं ही झाडाच्या दृष्टीने अनेकदा वाईट बातमी असते. आणि झाड वाचवायचं असेल तर पहारा जंगलाच्या वाटेवर ठेवून भागणार नाही, तो कारखान्याच्या दारात ठेवावा लागेल, असं माझं मत आहे.

नरक्या हे सह्याद्रीतल्या सदाहरित आणि निमसदाहरित रानातलं लहानखुरं झाड. फुलांना उग्र दुर्गंधी येते. शास्त्रीय नावात पूर्वी ‘फीटिडा’ हा दुर्गंधीवाचक शब्द होता तो त्यामुळेच. इमारतीला लाकूड उपयोगाचं नाही, फळ बाजारात विकण्यासारखं नाही. या झाडाकडे कुणी वाकड्या नजरेने पाहावं असं त्यात काही नव्हतं. ते बदललं रसायनशास्त्रामुळे, आणि या गोष्टीत मराठी माणसाला अभिमान वाटावा असा एक धागाही आहे.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून पुढे अमेरिकेत गेले. नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी १९६६ साली कॅम्प्टोथेका या चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे संयुग वेगळं करून त्याची रचना जाहीर केली. पाच वर्षांनी, १९७१ साली, याच जोडीने पॅसिफिक यू या अमेरिकी झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना जाहीर केली. आज कर्करोगाच्या वॉर्डात लटकणाऱ्या सलाइनच्या कितीतरी बाटल्यांचं मूळ या दोन शोधनिबंधांत आहे. वाणी २०२० मध्ये वारले तेव्हा महाराष्ट्रात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. असो.

१९७२ साली गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातले गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. ‘चांगलं प्रमाण’ हे रसायनशास्त्रज्ञाचं मोजमाप झालं. प्रत्यक्षात बहुतेक झाडांच्या सुक्या लाकडात ते एक टक्क्याहून पुष्कळ कमी भरतं. मुळाच्या सालीत खोडाच्या लाकडापेक्षा जास्त मिळतं. या एका वाक्यात नरक्याचं भवितव्य लिहिलेलं होतं: थोडंसं संयुग हवं तर खूप लाकूड हवं, आणि जास्त हवं असेल तर झाड मुळासकट उपटायला हवं.

झाड हे संयुग आपल्यासाठी तयार करत नाही. किडीने, प्राण्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाडाने केलेला हा बंदोबस्त आहे, म्हणजे विष. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल काढावी लागते आणि त्यासाठी त्याचा पीळ सोडवावा लागतो. हे काम टोपोआयसोमरेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं: एका धाग्याला छेद देतं, पीळ सोडवतं आणि छेद पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या छेदाच्या जागी अडकून बसतं आणि सांधा जुळू देत नाही. नक्कल काढणारी यंत्रणा तिथवर आली की डीएनए तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने विभागतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण अस्थिमज्जा आणि आतड्याचं अस्तर यांतल्या पेशीही झपाट्याने विभागतात, त्यामुळे रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटतात आणि जुलाबाने तो बेजार होतो. मग झाड स्वतः कसं जगतं? कॅम्प्टोथेकासारख्या झाडांमध्ये त्या विकराची रचनाच एका ठिकाणी बदललेली असते आणि विष तिथे नीट चिकटत नाही. जपानी संशोधकांनी २००८ साली हे दाखवलं. माणसाच्या विकरात अशी सोय नाही.

हा तपशील इथे मुद्दाम दिला, कारण ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. १९७० च्या दशकात कॅम्प्टोथेसिनचा क्षार थेट रुग्णांना देऊन पाहिला गेला. मूत्राशयातून रक्तस्राव, अस्थिमज्जेवर घाला असे परिणाम दिसले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. संयुग कपाटात गेलं. ते नेमकं कुठे काम करतं हे १९८५ च्या सुमारास कळल्यावर पुन्हा बाहेर आलं. रचनेत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाली, आणि अमेरिकेत त्यांना १९९६ साली मान्यता मिळाली. शोधापासून औषधापर्यंत ३० वर्षं. आज इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरलं जातं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्तनाच्या कर्करोगावरच्या काही नव्या, महागड्या औषधांतही प्रतिपिंडाच्या पाठीवर बसवलेला मारक अंश कॅम्प्टोथेसिनच्याच कुळातला आहे. म्हणजे मागणी संपण्याची चिन्हं नाहीत.

या ३० वर्षांकडे दुर्लक्ष करून थेट सालीवरून बरं होण्यापर्यंत उडी मारणारा मजकूर रोज मोबाइलवर येतो. लक्ष्मणफळाबद्दलचा संदेश तर बहुतेकांच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन गेला असेल: केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी, औषध कंपन्यांनी दडवून ठेवलेलं रहस्य, वगैरे. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचा आकडा उचलून तो माणसाला लावलेला आहे. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. लक्ष्मणफळात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं आणि ते चेतापेशींना घातक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर या कुळातली फळं आणि पानांचे काढे नित्य घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त आढळतो, हे १९९९ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. हे ग्रुपवर येत नाही. घरात कर्करोगाचा रुग्ण असलेला माणूस काहीही करून पाहायला तयार असतो आणि त्याला दोष देणं मला पटत नाही. त्याच्या हतबलतेवर पानांची पावडर विकणाऱ्याला मात्र दोष द्यायलाच हवा.

आता झाडाकडे. नरक्याची कोयत्याने, कुऱ्हाडीने तोड होते, तुकडे होतात, भुकटी होते, अर्क निघतो, आणि तो देशात आणि देशाबाहेर जातो. या साखळीत रानातल्या माणसाला मिळते ती दिवसाची मजुरी. धोका सगळा त्याचा. वनगुन्हा त्याच्यावर, रात्रीची पायपीट त्याची, पकडला गेला तर वकिलाचा खर्चही त्याचाच. अर्क काढणाऱ्याला पोत्यातलं लाकूड कुठून आलं हे विचारायची गरज वाटत नाही, कारण त्याला ते विचारणारं कुणी नाही.

नुकसान नुसतं संख्येचं नाही. बंगळूरुच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या वेगवेगळ्या ठिकाणची नरक्याची झाडं तपासली तेव्हा असं दिसलं की झाडाझाडात कॅम्प्टोथेसिनच्या प्रमाणात मोठा फरक असतो. काही झाडांत ते इतरांच्या कित्येक पट आहे. पुढे कधी लागवड करायची तर हीच झाडं मातृवृक्ष म्हणून हवीत. आंधळ्या तोडीत ती कोणती होती हे कळण्याआधीच ती पोत्यात भरली जातात. उद्योगाला दूरचं दिसत असतं तर ही झाडं राखण्यासाठी त्यानेच आरडाओरडा केला असता.

हे असंच व्हायला हवं होतं का? वाणींच्या दुसऱ्या शोधाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. टॅक्सॉल पॅसिफिक यूच्या सालीतून यायचं, साल सोलली की झाड मरायचं, झाड अतिशय सावकाश वाढणारं, आणि एका रुग्णाच्या उपचाराला अनेक झाडं लागायची. अमेरिकेत त्यावरून मोठा वाद झाला. एका बाजूला झाडं वाचवू पाहणारे, दुसऱ्या बाजूला औषधाची वाट पाहणाऱ्या स्त्रिया. १९९२ साली तिथल्या संसदेने खास या एका झाडासाठी कायदा केला: सरकारी जमिनीवरच्या यूची मोजदाद करा, तोडीची शिस्त पाळा, साल वाया घालवू नका. हे शक्य झालं याचं एक कारण साधं होतं. सालीचा मुख्य खरेदीदार एक कंपनी होती, तिचा सरकारी कर्करोग संस्थेशी करार होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. कुणाला जाब विचारायचा याबद्दल संदिग्धता नव्हती. तोवर रसायनशास्त्रज्ञांनी युरोपीय यूच्या पानांतून, म्हणजे झाड न मारता मिळणाऱ्या मालातून, टॅक्सॉल तयार करायची रीत बसवली आणि पुढे ते टाक्यांमध्ये वाढवलेल्या वनस्पतिपेशींपासूनही निघू लागलं. यूच्या सालीची गरज संपली. दाब आल्यामुळे पर्याय लवकर निघाला, असं मी म्हणेन.

आणि आपल्याकडे? हिमालयातला यू, ज्याला तिकडे थुनेर म्हणतात, त्याच दशकांत पानासालीसाठी इतका ओरबाडला गेला की आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. खरेदीदार कोण होते? तेच मौन.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २००२ चा जैवविविधता कायदा या बाबतीत जगातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. जैविक संसाधनातून धंदा करणाऱ्याने लाभाचा काही वाटा स्थानिक लोकांकडे आणि संवर्धनाकडे वळवावा, हा त्याचा गाभा. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्पादकाला भरायचा वाटा किती होता? वार्षिक विक्रीच्या ०.१ ते ०.५ टक्के. शंभर रुपयांच्या मालामागे जास्तीत जास्त पन्नास पैसे. एवढ्यावरही भांडण झालं. दिव्य फार्मसीने उत्तराखंडच्या जैवविविधता मंडळाच्या मागणीला आव्हान दिलं. कायद्यातली ही जबाबदारी परदेशी कंपन्यांची आहे, भारतीय कंपन्यांची नाही, असा युक्तिवाद झाला. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला आणि स्थानिक समाजाचा हक्क देशी कंपनीसमोरही तितकाच खरा आहे, असं मानलं.

मग २०२३ साली कायदाच बदलला. सुधारित कायदा १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीच्या औषधी वनस्पती आणि आयुष वैद्य यांना लाभवाटपातून सूट मिळाली. तुरुंगवासाची तरतूद गेली, तिच्या जागी एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंतचा दंड आला.

गावातल्या वैद्याला कागदपत्रांच्या कचाट्यातून सोडवलं, याबद्दल तक्रार नाही. काढ्यासाठी दोन मूठ साल आणणाऱ्याला मंडळाची परवानगी मागायला लावणं मूर्खपणाचंच होतं. तुरुंगवास गेला याचंही मला फार दुःख नाही, कारण तुरुंगात गेला असता तर तो पोती वाहणाराच गेला असता. माझा आक्षेप ‘ग्रंथबद्ध’ या कसोटीला आहे. अर्जुन, अशोक, हिरडा, बेहडा, बेल, शिवण ही सगळी झाडं जुन्या संहितांत आहेत, म्हणून त्यांच्यावर उभ्या असलेल्या मोठ्या उद्योगाला सूट. नरक्याचा कर्करोगावरचा उपयोग कुठल्याच संहितेत नाही, तो गोरेगावच्या प्रयोगशाळेत कळला, म्हणून त्याला सूट नाही. अर्जुनाची साल सोलली तर झाडाला होणारी जखम ग्रंथात उल्लेख असल्याने कमी खोल होते का? चरकाने झाडाचा गुण लिहून ठेवला, याचा अर्थ आज ते झाड राखणाऱ्या गावाचा त्यावर काही हक्क उरला नाही, असा निष्कर्ष काढणं म्हणजे पूर्वजांचं नाव घेऊन शेजाऱ्याचं देणं बुडवणं आहे.

जागतिक व्यासपीठावर आपण याच मुद्द्यावर किती पोटतिडकीने लढलो हे आठवा. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेलं पेटंट १९९७ साली रद्द झालं, आणि त्या लढ्याचं नेतृत्व करणाऱ्या डॉ. रघुनाथ माशेलकरांना आपण हळदीघाटीचे योद्धे म्हटलं. कडुनिंबाच्या तेलावरचं युरोपीय पेटंट २००० साली रद्द झालं आणि अपीलही २००५ मध्ये फेटाळलं गेलं. ‘हे ज्ञान आमच्या लोकांचं आहे’ हा आपला दावा होता. हाच दावा जुन्नरच्या किंवा राधानगरीच्या माणसाने देशातल्या कंपनीपुढे केला की तो विकासाच्या आड येतो, उद्योगसुलभतेत खोडा घालतो. ही दुटप्पी वागणूक आहे.

उद्योगाची बाजू मी ऐकली नाही असं नाही. ते म्हणतात, कच्चा माल दहा हातांतून येतो, कोणती साल कोणत्या गावची हे कसं सांगणार? यावर अशोकाचं उदाहरण देतो, कारण त्यात मुद्दा झाडावरून रुग्णावर येतो. स्त्रियांच्या तक्रारींवर अशोकारिष्ट पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. त्यासाठी साल हवी ती खऱ्या, म्हणजे सीतेच्या अशोकाची. लाल-केशरी फुलांचं हे झाड पश्चिम घाटातही आता विरळ झालं आहे. बाजारातल्या अशोकसालीच्या नमुन्यांची तपासणी वेळोवेळी झाली आहे आणि त्यात भेसळ वारंवार सापडली आहे. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल खऱ्याच्या नावाने विकली जाते. दोन्ही झाडांची कुळंसुद्धा वेगळी, त्यांतली द्रव्यं वेगळी. ‘माल कुठला ते आम्हाला माहीत नाही’ असं जेव्हा उत्पादक म्हणतो, तेव्हा बाटलीत काय आहे हेही त्याला पक्कं माहीत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. मूळ गाव माहीत असणं ही गावावर केलेली मेहेरबानी नाही. औषध म्हणून काही विकायचं असेल तर ती किमान अट आहे. अ‍ॅलोपॅथीच्या गोळीत कोणता घटक कोणत्या बॅचचा हे विचारायचं, आणि आयुर्वेदाच्या बाटलीला श्रद्धेवर सोडून द्यायचं, यात आयुर्वेदाचा सन्मान कसा होतो हे मला कळलेलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लागवड करा, जंगलाला हात लावू नका, प्रश्न मिटला. लागवड व्हायलाच हवी. पण रानातला माल जोवर फुकट आणि बिनचौकशी मिळतो, तोवर नरक्याची रोपं लावून वर्षानुवर्षं थांबायला कोण तयार होईल? लागवडीचा शेतकरी ज्याच्याशी स्पर्धा करणार त्याचा उत्पादनखर्च म्हणजे कुऱ्हाडीची धार. चोरीच्या मालाचं दार बंद झाल्याशिवाय लागवडीचं दार उघडत नाही. प्रयोगशाळेतल्या पर्यायांचंही तेच. नरक्याच्याच अंगात राहणारी एक बुरशी कॅम्प्टोथेसिन तयार करते, हे जम्मूच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलं. तेव्हा फार आशा वाटली होती. अशा बुरशा पुनःपुन्हा वाढवत गेलं की त्यांची ही क्षमता मंदावते, ही अडचण पुढे आली. ती सोडवायला पैसा आणि चिकाटी लागते. लाकूड स्वस्तात मिळत असताना ती कुणाला सुचणार?

झाड उभं राहून माणसाला पैसा देऊ शकतं, याचा दाखला शोधायला लांब जायला नको. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात, भीमाशंकरच्या आजूबाजूला महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात. कोवळं, आठळी न धरलेलं फळ वाळवलं की बाळहिरडा, पिकून आलेलं ते सुरवारी हिरडा. फळात टॅनिन भरपूर, चेब्युलिनिक आम्ल आणि त्याच्या भावंडांचा मोठा साठा. त्यामुळे त्रिफळ्याच्या डब्यापासून कातडं कमावण्याच्या कारखान्यापर्यंत त्याला गिऱ्हाईक आहे. इंग्रजी अमदानीत हिरडा मुंबईच्या बंदरातून परदेशी जात असे, तो मुख्यतः कातड्यासाठी. इथे झाड तोडणं म्हणजे पुढच्या वर्षीचं उत्पन्न तोडणं, हे राखणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. कित्येक झाडं बांधावर, मालकीच्या जमिनीत उभी आहेत आणि वाटणीत त्यांचीही वाटणी होते.

पण या चांगल्या उदाहरणातही राखणारा दुबळाच आहे. भाव व्यापारी ठरवतो. आदिवासी विकास महामंडळ खरेदीत उतरलं तर तो सावरतो, नाही उतरलं तर कोसळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या पट्ट्यावरून गेलं आणि हिरड्याचं मोठं नुकसान झालं. भरपाई मागायला लोक गेले तेव्हा अडचण अशी की हिरडा हे सरकारी भाषेत ‘पीक’ नाही. आंदोलनं करावी लागली. द्राक्षाचा वेल पडला तर पंचनामा होतो. शंभर वर्षांचं, दरसाल पैसे देणारं हिरड्याचं झाड पडलं तर ते जणू नुसतं पडलेलं लाकूड. त्याच्या औषधी गुणांवर प्रबंध लिहून पदव्या मिळवणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी या प्रश्नावर तोंड उघडल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही.

लाभवाटपाचं म्हणाल तर केरळातल्या काणी आदिवासींचा दाखला नेहमी दिला जातो. वनस्पती झाड नव्हे, लहानसं रोप आहे, पण मुद्दा तोच. त्यांच्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून तिरुवनंतपुरमच्या सरकारी संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केलं, १९९५ मध्ये कोइमतूरच्या कंपनीला दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधनावर परवाना दिला, आणि त्यातला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचं ठरवलं. हा प्रयोग जगभर गाजला. पुढे तो अडला तो वनखात्यापाशी: ज्या जंगलात वनस्पती होती, तिथून ती काढायला आणि विकायला काणींनाच मुभा मिळेना. पैशाचा वाटा दिला, झाडावरचा हक्क दिला नाही. वन हक्क कायदा २००६ साली आला. त्यात औषधी वनस्पती गौण वनोपज म्हणून स्पष्ट नोंदलेल्या आहेत आणि त्यांच्यावर रानात राहणाऱ्या समाजांची मालकी मान्य आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूच्या बाबतीत ही मालकी चालवून दाखवली. तिथे कंत्राटदाराला ग्रामसभेपुढे बसून बोलावं लागतं. नरक्याच्या पट्ट्यात अशी ग्रामसभा असती तर टेम्पो रात्री निघाला नसता, दिवसा निघाला असता, आणि मोजून निघाला असता.

दिल्लीने कायदा परत बदलावा म्हणून वाट पाहायची गरज नाही. राज्याच्या हातात पुरेसं आहे. आयुर्वेदिक औषधांचा उत्पादन परवाना महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन देतं. औषध नियमांतल्या १५७-अ नुसार या उत्पादकांनी वर्षभरात कोणता कच्चा माल किती वापरला याची नोंद ठेवून ती कळवायची आहे. त्या नोंदीशी वनखात्याचे वाहतूक पास जुळवून पाहा. एखाद्या कारखान्याने इतके टन अर्जुनसाल वापरली आणि पास निघाले त्याच्या दहाव्या हिश्शाचे, तर उरलेली साल आकाशातून पडली नसणार. नरक्याचा अर्क काढणारे कारखाने तर मोजके असणार. त्यांच्याकडे जाऊन मागच्या वर्षीचं लाकूड कुठून आलं एवढं विचारायला मोठी यंत्रणा लागत नाही, इच्छा लागते. सुधारित कायद्यात लागवडीच्या मालासाठी, तो मूळचा कुठला हे सांगणाऱ्या दाखल्याची तरतूद आहेच. रानातल्या मालालाही तोच दाखला लावा आणि तो देण्याचा अधिकार गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. या समित्या बहुतेक ठिकाणी कागदावर आहेत. डॉ. माधव गाडगीळांच्या कल्पनेतून आलेल्या लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडाप्राण्यांच्या माहितीच्या वह्या, मुदत गाठायची म्हणून घाईघाईने भरून कपाटात ठेवल्या गेल्या. समितीच्या सहीवाचून माल हलणार नाही आणि प्रत्येक सहीमागे गावाच्या खात्यात पैसे येतील, असं झालं तर त्या वह्या आपोआप कपाटाबाहेर येतील.

यात गैरव्यवहार होणार नाही का? होईल. खोटे दाखले निघतील, सरपंचाचा पुतण्या दलाल होईल, काही समित्या विकल्या जातील. पण खोट्या दाखल्यावर सही असते, तारीख असते, घेणाऱ्याचं नाव असतं आणि न्यायालयात दाखवता येईल असा तो कागद असतो. आज नाकाबंदीत सापडलेल्या पोत्यावर यातलं काहीच नसतं. औषधं थोडी महाग होतील, असंही म्हणतात. झाली तर ती किंमत आजही कुणीतरी चुकवतोच आहे, फक्त पावती मिळत नाही. पुढच्या वेळी नरक्याचा टेम्पो पकडल्याची बातमी आली, तर वनखात्याच्या पत्रकार परिषदेत निदान एका वार्ताहराने उठून विचारावं: माल कुणाकडे चालला होता, त्याचं नाव आरोपपत्रात आहे का, आणि नसेल तर का नाही?